कोकण रेल्वेच्या कटिंगांवर (रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या वाटांवर) पैसा घालावा की पावसाळ्यात गाडीच हळू चालवावी?

कणकवलीकर: पावसाळी वेळापत्रक लागलं की मुंबई आम्हाला तासा-दोन तासांनी लांब पडते. जोराचा पाऊस असला तर ताशी ४० किमी. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला, तरी अजून उपाय एकच, गाडी हळू हाका! धोक्याच्या कटिंगांचे उतार एकदाचे सौम्य का करत नाहीत? हळू जाण्याचा खर्च रेल्वेच्या वहीत चढत नाही, तो प्रवासी भरतो.

गस्तवाला: मी रुळांवर पावसाळी गस्त घातली आहे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कटिंगमधल्या दरडीवर गाडी आदळली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळे घसरली. वेग निम्मा केला की ब्रेक लागायचं अंतर साधारण पाव होतं. वळणावर दगड दिसला की लोको पायलटच्या हाती तेवढंच अंतर असतं. फुकटात एवढे जीव वाचवणारा दुसरा उपाय दाखवा.

जांभा: जीव वाचतात, मान्य. मार्ग वाचत नाही. कटिंगवर लावलेली जाळी सुटे दगड धरते, पाणी प्यालेली माती धरत नाही. जुलै २०२४ ला दिवाणखवटीजवळ दरड आली आणि वाहतूक ठप्प. मार्ग बहुतेक एकेरी, एक जागा अडली की सगळंच अडतं. २०२० मध्ये पेडण्याचा बोगदा ढासळला तेव्हा गाड्या पुणे-मिरज-लोंढ्यावरून फिरवाव्या लागल्या. हा तोटा धरला तर उतारावरचा खर्च महाग वाटणार नाही.

गस्तवाला: सगळ्याच कटिंगा कापायला घेतल्या तर पैसा पुरेल कुठून? आधी माथ्यावरची गटारं बघा. दरड येण्याआधी कटिंगच्या पायथ्याचं पाणी लाल व्हायचं, मग आम्ही टॉर्च वर मारायचो. बहुतेक वेळा वरचं गटार पाल्याने तुंबलेलं असायचं. मे महिन्यात चार माणसं, चार फावडी, एवढंच काम.

कणकवलीकर: गटार दरवर्षी तुंबणार आणि दरवर्षी कुणीतरी विसरणार. सौम्य केलेला उतार विसराळू नसतो. निदान ज्या कटिंगांत पुन्हा पुन्हा माती आली तिथे तरी कापाच.

काजूवाला: आमची बाग अशाच एका कटिंगच्या माथ्यावर आहे. उतार सौम्य करायचा म्हणजे वरची पंधरा-वीस कलमं जाणार. वडिलांनी रुळांसाठी एकदा जमीन दिलीच आहे. बांधावरून पाण्याला वाट काढून घ्या, तेवढी पट्टी मी देतो. कलमं तोडायला मात्र माझा होकार नाही.