जुनी थार ठेवावी की द्यावी? तुमचे अनुभव सांगा की

छत्रीवाला: काल चोर्ला घाटातून येताना कणकुंबीजवळ एक काळी रॉक्स (नवी पाच दारी थार) पुढं गेली, आत पोरं एसीत गाणी लावून बसलेली, आणि आमच्या थारमध्ये आई छत्री उघडून बसलेली. गाडीच्या आत. वरच्या कापडी हुडाची शिवण उसवलीय. आई म्हणाली, बाबा असते तर घरी गेल्या गेल्या दाभण घेऊन बसले असते. झोपच आली नाही. २०११ ची सीआरडीई डिझेल, १५ वर्षं यंदा भरायलीत, पासिंग करून नवा हूड टाकू की सरळ रॉक्स? दिलेल्यांनी सांगा.

जांबोटीकर: दिली मी २०२१ ला, नवी तीन दारी डिझेल थार घेतली. १०५ हॉर्सपॉवरवरून १३० वर आलो, घाटात ट्रकच्या पुढं काढताना आता देव आठवत नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्यात, पाठ वाचली. पण शेणखताची पोती तिच्यात घालायला जीव होईना, भावाचा टेम्पो मागतोय आणि त्याची बोलणी खातोय.

टिळकवाडीची सून: तीन दारी घेऊ नका हो! सासूबाईंना मागं चढवायचं म्हणजे पुढची सीट पाडा, एक पाय वर, मग आम्ही दोघी हसत बसतो, तोवर मागं हॉर्न. रॉक्सला दारं तरी आहेत.

उद्यमबागवाला: आधी खाली झोपून चेसिस बघा, पाट्याच्या हँगरजवळ चिखल साचून गंज धरतो. स्क्रूड्रायव्हर टोचा, आत गेला तर विषय संपला, नाही गेला तर ठेवा. रॉक्सला फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद) फक्त डिझेलात, आणि बीएस सिक्स डिझेल कुठलंबी असूंदे, नुसतं घर ते शाळा फिरवलं तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो, मग हायवेला पळवून आणा. वर आपल्याकडं कर्नाटकात १० ते २० लाखाच्या गाडीला १७ टक्के टॅक्स.

चंदगडचा पाव्हणा: माझ्या नावावर घ्या की, एमएच ०९ 😄

उद्यमबागवाला: आणि वर्षभर इकडं फिरवली की परत इथला टॅक्स कोण भरणार, तुम्ही?

चंदगडचा पाव्हणा: मी काजू देतो.

जांबोटीकर: मागच्या वर्षीचे अजून यायचेत.

छत्रीवाला: टोचलं. डाव्या हँगरला टोक अर्धं आत गेलं, उजवीकडं टणक. आता अर्धं म्हणजे काय समजायचं?

उद्यमबागवाला: पॅच मारता येतोय. तो भाग घासून फोटो टाका, नुसत्या चिखलाचा नको.

टिळकवाडीची सून: हूड शहापुरात ताडपत्री शिवतात त्यांच्याकडं विचारा, आमच्या टेम्पोचा तिथंच केला. आणि कुणीतरी सांगा हो, चोर्ला रस्ता चालू आहे नव्हं? रविवारी म्हापशाला लग्न आहे.

छत्रीवाला: चालू आहे. सकाळी लवकर निघा, धुकं लई असतंय, हळू जावं लागतंय.