मदत हवी आहे: आत्याची जुनी चांदी मोडीत देण्याआधी ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी,

आत्या गेल्यावर तिच्या कपाटात एक लाकडी पेटी सापडली. मखमलीच्या खाचांत काटे, चमचे, सुऱ्या, आणि कापडात गुंडाळलेले मेणबत्तीचे दोन स्टँड. सगळं काळं पडलंय. एका खरेदीदाराला दाखवलं, तर त्यांनी सगळं एकदम वजनकाट्यावर टाकून मोडीचा एकच भाव सांगितला. शिक्के पाहिलेसुद्धा नाहीत. मला ते खटकलं आणि मी पेटी घरी परत आणली. एकदा आटवलं की संपलंच ना!

काल भिंग घेऊन बसले. सहा काट्यांच्या मागे ओळीने ठसे आहेत: चालणारा सिंह, नांगर, एक सुटं अक्षर आणि कुणाची तरी दोन आद्याक्षरं. चमच्यांवर चार छोट्या ढालींत चार नक्षीदार अक्षरं आहेत, ती नीट लागत नाहीत. एका डावावर चंद्रकोर, मुकुट आणि 800. दुसऱ्यावर फक्त 90. हा 90 चा डाव आत्याच्या रोजच्या हातातला. उजव्या हाताने खरवडून खरवडून त्याची डावी कड पार सपाट झालीय. स्टँड चांगलेच जड आहेत, तळाला हिरवं कापड चिकटवलंय.

यातलं खरं काय, आणि मोल कसं ठरवायचं? पैसे भावंडांत वाटायचे आहेत, त्यामुळे अंदाजावर सोडायचं नाही.

प्रतिसाद १

परत आणलंत हे फार बरं केलंत. तुमच्या काट्यांवरचा चालता सिंह म्हणजे इंग्लंडमधली स्टर्लिंग चांदी, हजारात 925 भाग शुद्ध. नांगर बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा, ते 1773 पासून आहे. सुटं अक्षर वर्षाचं. पण अक्षरं फिरून फिरून येतात, म्हणून त्याचा टाइप आणि भोवतालच्या ढालीचा आकारही जुळवून बघा. शेजारी राजा किंवा राणीचं मुंडकं असेल तर ती कर भरल्याची खूण. ती 1784 ते 1890 या काळातच मारत.

चमच्यांची ढालीतली अक्षरं मला ई, पी, एन, एस वाटतात. हा निकेल सिल्व्हरवरचा मुलामा, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त. मूळ धातूत चांदीचा कणही नाही. ठसे मुद्दाम अस्सल शिक्क्यांसारखे दिसतील असे मारत. चमचा उलटा करा. टेबलावर टेकतो तिथे पिवळट धातू दिसला तर शंकाच नको.

चंद्रकोर, मुकुट आणि 800 ही जर्मन चांदी, 1888 नंतरची. इथे ‘जर्मन चांदी’ आणि ‘जर्मन सिल्व्हर’ यांत गल्लत करू नका, ही खरी चांदी आहे. 90 वर मात्र लोक हमखास फसतात. तो टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा नव्हे, ठरावीक पृष्ठभागाच्या मुलाम्याला किती ग्रॅम चांदी वापरली त्याचा आकडा आहे.

स्टँड बहुधा आतून डांबर नाहीतर प्लास्टरने भरलेले असतील, वर चांदीचा पातळ पत्रा. सुऱ्यांच्या मुठीही तशाच, पाती पोलादी. या दोन्हींचं सगळं वजन चांदीत धरायचं नाही. भरीव चांदी काटे आणि 800 चा डाव यांतच आहे, ते वेगळे तोला. 62 ग्रॅमचा काटा असेल तर शुद्ध चांदी 57.35 ग्रॅम. भाव औंसात सांगितला तर तो ट्रॉय औंस असतो, 31.1 ग्रॅमचा.

प्रतिसाद २

चुंबकावर भिस्त ठेवू नका, जर्मन सिल्व्हरलाही ते चिकटत नाही. त्यापेक्षा पाण्यात तोला. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. वस्तू दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. कोरडं वजन भागिले दिसणारा आकडा. स्टर्लिंग 10.3 च्या आसपास येतं, जर्मन सिल्व्हर 8.7 च्या. पोकळ किंवा भरलेल्या वस्तूला ही रीत लागू नाही.

आणि कृपा करून घासूनपुसून चकचकीत करू नका. बारीक ठसे झिजले की संग्राहक पाठ फिरवतात. काट्याच्या दांड्यावर तोंडाची वाफ सोडा, पुसून टाकलेली आद्याक्षरं वाफेत उमटतात. तशी जागा पातळ झालेली असते, तिथे किंमत कमी होते.

धागा सुरू करणारी

दोघांचेही मनापासून आभार. आज एक काटा तोलला: कोरडा 62 ग्रॅम, पाण्यात 6.0. म्हणजे 10.3! चमच्याच्या मागे अगदी तुम्ही सांगितलंत तसा पिवळा डाग आहे. वाफ सोडल्यावर एका काट्यावर पुसट अक्षर दिसलं, बाकी पाच स्वच्छ आहेत.

काटे मोडीत जाणार नाहीत, हे भावंडांना कळवलंय. 90 चा डाव मी माझ्याकडेच ठेवतेय. आता एवढंच विचारायचंय: काट्यांवर वर्षाचं अक्षर बारीक ‘के’ आहे, ढालीचे वरचे दोन कोपरे कापलेले. राजाराणीचं मुंडकं नाही. ठशाचा फोटो कसा काढला तर कुणाला वर्ष सांगता येईल?