बिलिंगचं सगळं ज्ञान एकाच माणसाकडे आहे, ते टीममध्ये कसं पसरवायचं?

पर्वरीकर: नमस्कार मंडळी. आमची सात जणांची टीम, हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे). टॅक्स आणि बिलिंगचा कोड फक्त एका सीनिअर दादाला कळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ७५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला तेव्हा सगळा भार त्या एकट्यावर पडला, चवथीला तो गावी गेला की बिलिंगचं तिकीट (नोंदवलेलं काम) कोणी उचलत नाही. केटी सेशन (माहिती दुसऱ्यांना समजावून द्यायच्या बैठका) घेतले, रेकॉर्डिंगही आहे, पण उघडून कोणी बघत नाही. काय करावं?

म्हापशेकर_डेव्ह: रेकॉर्डिंगने काही होणार नाही हो. जोडीने बसवा, पण कीबोर्ड शिकणाऱ्याच्याच हातात, दादाने फक्त बोलायचं. खरं ज्ञान अवघड केसमध्ये असतं. समजा २९ डिसेंबर ते २ जानेवारी बुकिंग आहे, पहिल्या दोन रात्री ७००० ने आणि थर्टीफर्स्टला तीच खोली ११००० ला, म्हणजे एकाच बिलात काही रात्रींना ५ आणि काहींना १८ टक्के, आणि त्यातली एक रात्र गेस्टने रद्द केली तर रिफंडचा हिशोब कसा? अशा वेळी दादा आधी कुठली फाईल उघडतो, कुठला लॉग (सिस्टिमने ठेवलेली नोंद) बघतो, हे विकीवर कोणी लिहीत नाही, शेजारी बसलं तरच दिसतं. आणि ती केस सुटली की लगेच तिची टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारा छोटा कोड) लिहून ठेवायची, डॉक्युमेंट जुनं झालेलं कळत नाही, टेस्ट मात्र फेल होते.

स्क्रम_फोंडा: वरच्याशी सहमत, पण सगळ्यांना सगळं शिकवायला जाऊ नका. स्क्रम म्हणजे ही स्प्रिंटने काम करायची पद्धत, तिच्या २०२० च्या गाईडमध्येही लागणारी सगळी कौशल्यं टीममध्ये असावीत एवढंच आहे, प्रत्येकाकडे असावीत असं नाही. बिलिंगला अजून दोघं तयार झाले तरी खूप. स्प्रिंटच्या प्लॅनिंगमध्येच ठरवा की बिलिंगच्या स्टोरी (कामं) दादा घेणार नाही, तो फक्त रिव्ह्यू करेल. काही स्प्रिंट वेग कमी होणार, ते प्रॉडक्ट ओनरला (कुठलं काम आधी करायचं ते ठरवणाऱ्याला) आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर पहिल्याच डेडलाईनला सगळं परत दादाकडे जाईल. आणि हे पावसात करा, डिसेंबरच्या गर्दीत कोणालाच शिकवायला वेळ नसतो.

वेर्णा_डेटाबेस: मी अशीच ती 'एकटीच जाणणारी' आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. रात्री सर्व्हर पडला आणि मी उठवला की सगळ्यांसमोर कौतुक होतं, ज्युनिअरला दुपारभर क्वेरी प्लॅन (डेटाबेस माहिती कशी शोधतो ते) वाचायला शिकवलं तर अप्रेझलमध्ये त्याची एक ओळ येत नाही. मग कोण शिकवणार? तुमच्या दादाला आधी विचारा त्याला काय वाटतं, आणि मॅनेजरकडून शिकवण्याचं काम त्याच्या गोल्समध्ये लिहून घ्या. रजेवर असताना फोन आला नाही की माणसाला किती बरं वाटतं हेही त्याला सांगा.

पर्वरीकर: थँक्स सगळ्यांना. दादाशी आज बोललो, तो तयार आहे. सोमवारच्या प्लॅनिंगला रिफंडची स्टोरी दुसऱ्या दोघांच्या नावावर टाकतोय. @वेर्णा_डेटाबेस, गोल्समध्ये नेमकं काय लिहून घेतलंत ते सांगाल का?