ट्रेवी कारंज्यात मधे उभा कोण, नेपच्यून की दुसराच?

शहापूरचा_पोऱ्या: मंडळी, कॉलेजला बरोक (१७व्या-१८व्या शतकातली युरोपातली भपकेदार शैली) शिल्पांवर प्रेझेंटेशन करालोय. रोमच्या ट्रेवी कारंज्यात शिंपल्याच्या रथावर उभा आहे तो नेपच्यूनच ना, रोमनांचा त्रिशूळवाला समुद्रदेव? सर म्हणतात, त्रिशूळ कुठंय, नीट बघ की.

निपाणीची_ताई: सर बरोबर आहेत की. तो ओशनस, ग्रीकांचा टायटन (जुन्या पिढीतला देव), सगळ्या नद्यांचा बाप. मूर्ती पिएत्रो ब्राचीची, डिझाइन निकोला साल्वीचं, काम १७३२ ला सुरू, साल्वी मधेच वारला आणि पुरं झालं १७६२ ला. खाली दोन ट्रायटन (अर्धा माणूस, अर्धा मासा असले समुद्रदेव) घोडे धरून आहेत बघ, एक घोडा शांत आणि दुसरा उधळलेला, म्हणजे समुद्राचे दोन मूड.

खानापूरकर: ट्रेवी लई उशिराचं हो. अस्सल बरोक बघायचं तर शिल्पकार बर्निनीचा ट्रायटन बघा, रोमच्याच बार्बेरिनी चौकातल्या कारंज्यातला, १६४२-४३ चा. चार डॉल्फिन शेपट्या वर करून उघडा शिंपला पेलालेत, त्यावर हा गडी मान मागं टाकून शंख फुंकतोय आणि पाण्याची धार शंखातूनच सरळ वर! खाली पोप आठव्या अर्बनच्या घराण्याच्या तीन मधमाशा पण आहेत. मोटर कुठली तेव्हा, उंचावरून कालव्यानं आलेल्या पाण्याच्या दाबावर सगळं, आपल्या गार्डनातल्यासारखं लाईट गेली की बंद असं नाही.

शहापूरचा_पोऱ्या: भारी! ट्रायटन म्हणजे पोसायडनचा (ग्रीकांचा नेपच्यून) पोरगा ना?

निपाणीची_ताई: होय. आणि त्रिशूळवालाच पायजे असला तर बर्निनीचाच नेपच्यून आणि ट्रायटन घे, तो आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.