उत्तर: उत्तर: दिवाळी कार्यक्रम – ग्रीन रूमचं काय ठरलं?

नमस्कार मंडळी,
हॉलचा नकाशा उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय, म्हणून घाईत लिहिते. आपल्या नर्स ताईंचा आरोग्य-कोपरा मी कॉरिडॉरमध्ये, साड्यांच्या स्टॉलशेजारी दाखवला होता. काल त्यांचा फोन आला, दार लावता येईल अशी खोलीच हवी. तशी खोली एकच, ग्रीन रूम (मेकअपची खोली), आणि ती नाटकवाल्यांकडे. ताईंच्या निवृत्तीचा सत्कार ठरल्याप्रमाणे मध्यंतरानंतर. काय ते आजच सांगा.
– सचिव

---

गेल्या वर्षीच्या गोंधळानंतर ग्रीन रूम कुणालाही द्यायची नाही असं ठरलं होतं. 11 जणांचा मेकअप आहे, त्यात नऊवारी नेसवायच्या. ताईंबद्दल आदर आहेच, माझ्या आईच्या डिस्चार्जचं सगळं त्यांनीच निस्तरलं. पण कॉरिडॉरमध्ये पडदा लावला तर नाही का भागणार?
– नाटक विभाग

---

नाही भागणार. लायब्ररीतल्या शिबिरात मी ताईंबरोबर बसले होते. एक काकू मुलासोबत आल्या. बीपीच्या गोळ्या नियमित चालू आहेत, असं मुलानेच सांगून टाकलं. ताईंनी त्याला घरून औषधांची यादी आणायला पाठवलं, खुर्ची काकूंच्या अगदी जवळ ओढली आणि एवढंच विचारलं, "गोळ्या पुरतात का हो?" काकूंनी पर्समधून बाटली काढली. सगळ्या गोळ्या सुरीने अर्ध्या केलेल्या, तळाशी चुरा. इथे अमेरिकेत पाहुण्या आलेल्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनं दुखणं बसत नाही, मुलावर बोजा नको, म्हणून पुरवून पुरवून घेत होत्या. त्यातली एक तर हळूहळू विरघळणारी, ती तोडायचीच नसते. (हे लिहायला काकूंची परवानगी आहे, मुलालाही त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं.) पडद्यापलीकडे साड्यांचे भाव चालू असताना ही बाटली पर्समधून निघाली असती का?
– ज्येष्ठ गट

---

माझा मुद्दा वेगळा आहे. गोळ्या तोडाव्यात की नाही हा वैद्यकीय सल्ला झाला. मंडळाच्या विम्यात तो बसतो का, हे कुणी पाहिलं आहे? ताई नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा शिक्षण घेऊन रुग्ण तपासणाऱ्या, औषध लिहून देणाऱ्या नर्स. काही राज्यांत अशा नर्सला डॉक्टरबरोबर लेखी करार करावा लागतो, त्याला कारण आहे. आम्ही डॉक्टर मंडळी हॉलमध्ये असणारच. एकाने तरी शेजारी बसावं.
– डॉक्टरकाका

---

काका, तुमचा मान ठेवून लिहितो. पुष्कळ राज्यांत असा करार लागत नाही. हा पेशाच मुळी 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून उभा केला, कारण मुलांना बघायला डॉक्टर पुरत नव्हते. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नर्स प्रॅक्टिशनरना स्वतंत्र बिल लावू देतं, डॉक्टरांच्या दराच्या 85 टक्के. शिवाय ताई त्या दिवशी कुणाला तपासणार नाहीत, प्रिस्क्रिप्शन देणार नाहीत. लोकांचे कागद वाचून पुढे कुणाला काय विचारायचं ते सांगणार.

कागद वाचण्याचं मोल मला बाबांच्या वेळी कळलं. खुब्याच्या दुखण्याने ते रुग्णालयात होते. बेड, सलाईन, हातात पट्टी, आम्ही समजलो दाखल केलंय. ताई भेटायला आल्या आणि त्यांनी आधी उशाशी पडलेली नोटीस उचलली. त्यावर 'ऑब्झर्व्हेशन'. म्हणजे हिशेबात बाबा बाह्यरुग्ण! नंतरच्या नर्सिंग होमचे पैसे मेडिकेअरने द्यायचे तर सलग 3 दिवस इनपेशंट, म्हणजे रीतसर दाखल, असावं लागतं, आणि ऑब्झर्व्हेशनचे दिवस त्यात धरत नाहीत. "घरी गेल्यावर भांडून उपयोग नाही, आत्ता डॉक्टरांना गाठ," म्हणाल्या. इनपेशंटची ऑर्डर त्या दुपारी निघाली, तिथून दिवस मोजले गेले.
– माजी खजिनदार

---

हे मूळ मेडिकेअरबद्दल ना? आमचा ॲडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर) आहे, त्यात 3 दिवसांची अट नव्हती, पण आधी मंजुरी घ्यावी लागली आणि त्यातच आम्ही मेटाकुटीला आलो. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना 5 वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही, तेही कुणीतरी नीट लिहा. हवा तर वेगळा धागा काढा.
– सभासद

---

सर्वांना नमस्कार.
सत्काराची दहा मिनिटं नाटकाला द्या. मला खोली दोन तास, दोन खुर्च्या आणि लोकांना नंबराने आत सोडायला दाराबाहेर एक जण हवा.

दाराचा आग्रह का, ते सांगते. क्लिनिकमध्ये एका आजींना बायोप्सीचा निकाल सांगायचा होता. शाळकरी नात दुभाषाचं काम करत होती. डॉक्टर बोलले, पोरगी गप्प झाली, मग म्हणाली, "आजी, सगळं ठीक आहे." खोलीत मराठी कळणारी तिसरी मीच. नातीला मी बाहेर बसवलं आणि आजींना त्यांच्या भाषेत खरं काय ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत. आधी विचारलं, "पोरीला कळलंय का?"

त्यानंतर घरच्यांना मी दुभाषी होऊ दिलं नाही. परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्याचं 1557 कलम आहे. त्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला प्रशिक्षित दुभाषी फुकट द्यावा लागतो, आणीबाणी सोडून लहान मुलांकडून हे काम करून घेता येत नाही. मराठीचा दुभाषी फोनवर मिळू शकतो. सुनेला सगळं येतं म्हणून नको म्हणू नका, मागा. सुनेसमोर न बोलण्यासारखंही माणसाकडे काही असतं.

डॉक्टरसाहेब, तुम्ही जरूर या. औषधांच्या याद्या माझ्यापेक्षा तुम्ही बारकाईने पाहाल. फक्त आत घ्यायचं की नाही, हे समोरच्या माणसाला विचारून ठरवू. विम्याचं खजिनदारांनी विमा कंपनीकडून लेखी घ्यावं, ते तुमचं बरोबर आहे.
– ताई

---

मेकअप साडेबाराला संपवतो. 1 ते 3 खोली तुमची. आरसा आणि विगचा खोका मात्र हलवायचा नाही. दाराबाहेर आमचा प्रॉम्प्टर बसेल. सत्काराची दहा मिनिटं खरंच आम्हाला मिळणार का, ते सचिवांनी लेखी द्यावं.
– नाटक विभाग

---

नकाशात 1 ते 3 ताईंचं नाव टाकलं. दहा मिनिटांचं समितीला विचारून कळवते. कॉरिडॉरमधलं टेबल आता रिकामं आहे, साड्यांच्या स्टॉलला हवं असेल तर आजच सांगा.
– सचिव