जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा, की रॅम वाढवून भागेल?

प्रश्न

माझ्याकडे २०११ सालचा लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा आय३-२३१०एम प्रोसेसर, २ जीबीचे दोन मॉड्यूल (रॅमच्या पट्ट्या) मिळून ४ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क आहे. त्यावर विंडोज १० चालते. कीबोर्डची एकही कळ सैल झालेली नाही आणि स्क्रीनही स्वच्छ आहे, त्यामुळे हे यंत्र मोडीत काढायला मन धजत नाही.

माझे काम मुख्यतः लेखन, हिशेबाची पत्रके, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब आणि अधूनमधून व्हिडिओ फाइलचे रूपांतर, एवढेच असते. लॅपटॉप सुरू केल्यावर पहिली पाच-सहा मिनिटे त्याला हात लावण्यात अर्थ नसतो. नंतरही एका टॅबवरून दुसऱ्यावर गेलो की पान पांढरे होऊन तसेच थांबते. लॅपटॉपचा प्रोसेसर बदलताच येत नाही, असे एका दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. दुसऱ्याने मात्र आय७ बसवला की यंत्र नव्यासारखे पळेल, असा दिलासा दिला. यांपैकी खरे काय, आणि आधी काय बदलावे?

पहिला प्रतिसाद

काहीही विकत घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या भागात दहा मिनिटे लक्ष ठेवा, आणि ते नेहमीचे काम चालू असताना ठेवा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र ३० टक्क्यांच्या आसपास असेल, तर प्रोसेसर मंद नाही, तो वाट पाहत बसला आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर हार्ड डिस्कवर हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. तुमच्या डिस्कची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सगळे खोळंबते. साध्या एसएसडीला, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या, चिपांवर साठवण करणाऱ्या डिस्कला, हेच काम करायला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. तुमचे पांढरे पडणारे पान मला तरी याच खोळंब्याचे लक्षण वाटते, आणि तसे असेल तर आय७ बसवूनही ते पांढरेच पडेल.

तुमच्या प्रोसेसरला २०४ पिनांची डीडीआर३ सो-डिम (लॅपटॉपसाठीच्या लहान आकाराची) रॅम लागते, वेग १३३३, आणि तो एकूण १६ जीबीपर्यंत रॅम ओळखतो. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम १.५ व्होल्टवरही चालते, त्यामुळे तीच हाती लागली तर घ्यायला हरकत नाही. डीडीआर४ मात्र या खाचेत बसणारच नाही. तुमच्या दोन्ही खाचा भरलेल्या आहेत, म्हणजे जुने मॉड्यूल काढावे लागतील. एकच ८ जीबीचा मॉड्यूल घेण्यापेक्षा ४ जीबीचे दोन सारखे मॉड्यूल घ्या. त्यामुळे रॅम दोन चॅनेलमधून, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी वाचली जाते, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये त्याचा फायदा होतो, कारण ग्राफिक्सचा भागही हीच रॅम वापरतो.

पुढे कधी १६ जीबी करायची झाली, तर ८ जीबीच्या प्रत्येक मॉड्यूलवर दोन्ही बाजू मिळून १६ चिपा आहेत का, हे मोजून घ्या. केवळ ८ चिपा असलेला, म्हणजे दुप्पट घनतेचा मॉड्यूल या पिढीचा मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) ओळखत नाही. विक्रेता चांगल्या मनाने तोच देईल, आणि तुम्ही मात्र मॉड्यूल खराब निघाला असे समजाल.

दुसरा प्रतिसाद

प्रोसेसरविषयी दोन्ही दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आय३-२३१०एम दोन रूपांत बनत असे, एक सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत, बसणारे आणि दुसरे थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेले. नावावरून यातला फरक कळत नाही. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून पॅकेजसमोर काय लिहिले आहे ते पाहा. तेथे ९८८बी दिसले तर प्रोसेसर काढता येतो, बीजीए १०२३ दिसले तर हा विषय तेथेच संपला. चौथ्या पिढीनंतर, म्हणजे ब्रॉडवेलपासून, इंटेलने लॅपटॉपचे प्रोसेसर सॉकेटमध्ये देणे बंद केले, आणि बहुधा त्या नव्या यंत्रांच्या अनुभवावरूनच पहिल्या माणसाने तुम्हाला नकार दिला असावा.

सॉकेट असेल, तरी निवड तुमच्या प्रोसेसरच्याच, म्हणजे दुसऱ्या पिढीतून करावी. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरच्या पिना त्याच सॉकेटमध्ये बसतात, पण बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, त्याची ओळख नसेल तर स्क्रीन काळीच राहते. आय७-२६४०एम हा तुमच्या प्रोसेसरसारखाच ३५ वॅटचा, दोनच कोअरचा प्रोसेसर आहे. तुमच्या प्रोसेसरचा वेग २.१ गिगाहर्ट्झवर अडकलेला आहे, हा मात्र गरजेप्रमाणे ३.५ पर्यंत चढतो. रचना तीच असल्यामुळे वाढ वेगाच्या प्रमाणातच होईल, म्हणजे फार तर दीडपट किंवा किंचित जास्त. व्हिडिओच्या रूपांतरात ती जाणवेल, लेखनात नाही. ऑनलाइन व्हिडिओतल्या व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारच्या फाइली उलगडण्याची सोय या पिढीच्या ग्राफिक्समध्ये नाही, ती प्रोसेसर बदलूनही येणार नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला आठवी पिढी किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) हवे असते, त्यामुळे तेही या मार्गाने साधणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, इंटरनेट वापरायचे असेल तर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा विचार आताच करावा असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, मात्र घाई चालत नाही. चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाच्या, स्क्रूंशेजारी बहुधा आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने आणि आवळताना सुलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडाथोडा फिरवत जा. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते, सिलिकॉनचा चकचकीत तुकडा उघडाच असतो, आणि हीटसिंक एका बाजूला कलती दाबली गेली तर त्याचा कोपरा उडू शकतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असेल. ती खरवडू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून पुसून काढा. सॉकेटच्या कडेला एक सपाट खाचेचा स्क्रू असतो. तो अर्धा वळसा फिरवला की पिनांवरची पकड सुटते आणि प्रोसेसर दोन बोटांनी अलगद उचलला जातो. नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागत असेल, तर काहीतरी चुकले आहे.

तिसरा प्रतिसाद

वरच्या सल्ल्यातील ३५ वॅटचा मुद्दा मी अनुभवावरून अधोरेखित करतो. मी अशाच एका लॅपटॉपमध्ये चार कोअरचा आय७-२६७०क्यूएम बसवला होता. तो ४५ वॅटचा आहे, आणि मूळ हीटसिंकला तांब्याची एकच नळी होती. पहिली काही मिनिटे वेग फार सुखावणारा होता. मोठी फाइल रूपांतरित करायला घेतली, तेव्हा मात्र तापमान ९५ अंशांच्या पुढे गेले आणि प्रोसेसरने स्वतःला वाचवण्यासाठी वेग इतका उतरवला की जुन्या आणि नव्यात फारसा फरक उरला नाही. पंखा मात्र अखंड पूर्ण वेगाने ओरडत असे. चार्जर ६५ वॅटचा असेल, तर चार कोअरचा विचारही करू नका.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटे आकडे पाहिले. मेमरी ९३ टक्के आणि डिस्क जवळजवळ सतत १०० टक्के होती, प्रोसेसर मात्र ४० टक्क्यांच्या वर क्वचितच गेला. म्हणून आधी ४ जीबीचे दोन मॉड्यूल आणि एक साटा एसएसडी घेतली.

रॅम बसवल्यावर लॅपटॉपने आधी ४ जीबीच दाखवली आणि मला वाटले, एक मॉड्यूल खराब निघाला. पुन्हा उघडून पाहिले, तर एका मॉड्यूलच्या सोनेरी कडेचा बारीक पट्टा खाचेबाहेर दिसत होता. तो काढून तिरका धरला, कड पूर्ण आत जाईपर्यंत सरकवला आणि मग खाली दाबला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् असा आवाज करून बसल्या आणि ८ जीबी दिसू लागली. त्यानंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवला, त्यात एकही चूक निघाली नाही. आता सुरू केल्यापासून पाऊण मिनिटात लिहायला बसता येते आणि टॅब बदलताना पान पांढरे पडत नाही.

व्हिडिओच्या रूपांतराचा वेळ मात्र जराही बदलला नाही. जी फाइल आधी ४१ मिनिटे घेत होती, ती आताही ४१ मिनिटेच घेते. सीपीयू-झेडमध्ये ९८८बी दिसते आणि निर्मात्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आय७-२६४०एम आहे, त्यामुळे वापरलेला एक मागवला आहे. तो बसवल्यावर तीच फाइल पुन्हा रूपांतरित करून लागलेला वेळ आणि तापमान येथे लिहीन.