माडीच्या फळ्यांच्या फटींतला जुना हिरवा रंग कसा लपवावा?

मदत हवी आहे. अमळनेरला आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. खाली जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या फळ्यांची माडी. आजोबांनी कधीतरी त्या फळ्यांना हिरवा ऑइल पेंट दिला, पुढे काकांनी त्यावर आणखी दोन हात मारले. यंदा तो काढायचा असं आईने मनावर घेतलं. सुताराने मशीनने घासल्यावर खालून जो साग निघाला, तो बघून आई कितीतरी वेळ त्यावरून नुसता हात फिरवत बसली होती. मग पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात दिले.

पण मशीन फटीत शिरत नाही. फटी २ ते ४ मिलिमीटरच्या आहेत आणि दोन्ही कडांना हिरवा रंग तसाच चिकटून आहे. सकाळी खिडकीतून ऊन आलं की हिरव्या रेघांशिवाय काही दिसत नाही. एका फटीत हॅक्सॉ ब्लेड घातलं तर सागाची कड उडाली. लाकडी स्टेन लावला, तो रंगात मुरलाच नाही, पुसून आला.

सुतार म्हणतो, भुसा-फेविकॉल भरून टाकू. मला धीर होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा फळ्या आक्रसतात, आणि श्रावणात फुगून यातल्या निम्म्या फटी मिटतात. भरलेलं टिकेल का? शिवाय खाली लहान बाळ झोपतं, जुना रंग खरवडून भुकटी पडली तर?

प्रतिसाद :
ताई, भरू नका. पावसाळ्यात फळ्या ते दाबून वर काढतील, उन्हाळ्यात एका कडेने सोडेल. आमच्या चोपड्याच्या घरी हेच झालं, सगळं पुन्हा कोरून काढावं लागलं.

आणि कोरडं खरवडणं तर आता थांबवाच. घरगुती रंगांत विषारी शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१७ पासून लागू आहे, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणजे त्याच्या भुकटीत शिसं जास्त असू शकतं. सुटलेले पोपडे असतील तेवढेच ओलं फडकं धरून काढा, बाळाला त्या दिवशी दुसरीकडे झोपवा.

रंग काढायचा नाही, काळोखात घालायचा. फट मुळात सावलीच असते, ती गडद दिसली की डोळा तिथे थांबत नाही. मॅट गडद तपकिरी ऑइल पेंट घ्या. काळा नको, सागाशेजारी तो डोळ्यात भरतो. चकचकीतही नको, उजेड परततो. बारीक चपटा ब्रश जेमतेम बुडवून आतल्या कडांवरच फिरवा. वर सांडलं तर लगेच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. पॉलिश होऊन आठ-दहा दिवस झाल्याशिवाय हात लावू नका, आणि आधी कपाटाखालच्या एका फटीवर करून बघा.

मूळ प्रश्नकर्ती :
दादा, मनापासून आभार. पॉलिशला परवा बारा दिवस होतील, तेव्हा कपाट सरकवते. एकच विचारायचं राहिलं. जिन्याजवळची फट १ सेंटिमीटरची आहे, खालची खोली दिसते. तिथे सागाचीच पातळ पट्टी एका कडेला चिकटवून दुसरी कड मोकळी ठेवली तर चालेल ना?